खालची बाग तोडली तेव्हा

प्रिय ताई,

पाकीट बघूनच तू घाबरली असशील, म्हणून आधी सांगून टाकते : मी ठणठणीत आहे. गुडघे कुरकुरतात, पण त्यांचं वयच झालंय, त्यांना काय बोलायचं. फोन केला असता, पण आपल्या दोघींचं फोनवरचं बोलणं तुला माहीत आहे. तू विचारतेस थंडी पडली का, मी विचारते तुझं बीपी कसं आहे, मग दोघी एकदमच "बरं मग" म्हणतो आणि संपतं. शिवाय इथे रेंज मिळायची तर गेटपर्यंत चालत जावं लागतं, आणि गेटवरचे पहारेकरी आपल्याला काही ऐकू येत नाही असा चेहरा करून सगळं ऐकतात. म्हणून दुपारची कामं आटोपून स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहायला बसलेय. बरंच लिहायचंय. मुख्य गोष्ट शेवटी येईल. आधीच पानं उलटून बघू नकोस, तुझी जुनी खोड आहे ती.

खालची बाग आता नाही. तोडली. बाबांची ती मोठी नासपतीसुद्धा. हे वाचून तू म्हणशील, उद्यानवाल्यांकडून दुसरी काय अपेक्षा. पण तसं झालेलं नाही, ताई. तोडा म्हणून मीच सांगितलं. का, ते नीट सांगते. दरीचं राष्ट्रीय उद्यान झालं आणि तू इथून गेलीस, तेव्हापासून आपण कधी बागेचा विषय काढलाच नाही. आता बागच उरली नाही, तर विषय काढायला हरकत नसावी.

सुरुवात झाली अस्वलबाईपासून. ही एक तरुण संशोधक आहे, अस्वलांचा अभ्यास करायला आलेली. इथे सगळे तिला मागून अस्वलबाई म्हणायचे. तिला ते कळलं तेव्हापासून ती स्वतःच फोन उचलून "अस्वलबाई बोलतेय" म्हणते. पहिल्या दिवशी ती चिखलाच्या बुटांनी माझ्या दारात आली आणि म्हणाली, "मावशी, तुमची झाडं अस्वलांचा जीव घेतायत." ओळख ना पाळख, एकदम हेच. ज्या झाडांची छाटणी करण्यात माझा जन्म गेला, त्यांच्याबद्दल हे ऐकून मला काय वाटलं असेल बघ. चहा दिला तिला, दाराशी आलेल्या माणसाला नाही कसं म्हणणार, पण घरात डबाभर साखर असताना संपली म्हणून सांगितलं. ती बिनसाखरेचा चहा मिटक्या मारत प्यायली. नंतर कळलं, ती साखर घेतच नाही.

ती म्हणत होती त्यात खोटं काही नव्हतं, हेच तर दुखत होतं. त्याच्या आदल्या वर्षी एक नर अस्वल आपल्या झाडांवरून पोट भरून थेट पार्किंगमध्ये गेलं होतं. एका गाडीची काच फोडली, आत डबा होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा आलं. तिसऱ्या वेळी एका बाईच्या हातातल्या पिशवीला त्याने पंजा घातला, आणि मग त्याला गोळी घालावी लागली. ते मी तुला कळवलं नव्हतं. मी तिथे गेले होते. त्याच्या तोंडातून आपल्या नासपतीचा वास येत होता, ताई. तो वास कुठेही ओळखेन मी.

अस्वलबाईचं काम बघायला मी पुढे पुढे जायला लागले, आधी चुका काढायला, नंतर नुसतीच. ती झाडाभोवती काटेरी तार बांधते आणि मध्ये काहीतरी घाणेरडं, कुजलेलं ठेवते. अस्वल वास घ्यायला तारेखालून जातं, पाठीचे चार केस तारेला अडकतात, की हिचं काम झालं. केस हळूहळू वाढतो ना, तर अस्वलाने जे खाल्लं त्याच्या खुणा त्या त्या वेळच्या केसात राहतात. टोकाकडचा तुकडा वसंतातला, मुळाकडचा शरदातला. अस्वलाची विष्ठा ती चाळणीत धुऊन बघते ते वेगळंच. माझी पिठाची जुनी चाळणी तिने मागितली तेव्हा कशाला ते विचारायला हवं होतं मी. तर त्यातून तिला कळलं होतं की एक मादी आहे, ती वसंतात गवत आणि मुंग्या खाते, उन्हाळ्यात रानातली बोरंबिरं, पण आपली फळं पिकायला लागली की दुसरं काही म्हणून खात नाही. वरच्या रानात ओकची फळं पडून सडतात, ती तिकडे फिरकत नाही. आणि आता तिच्याबरोबर पिल्लू होतं. "आई जे दाखवते ते पोर शिकतं," अस्वलबाई म्हणाली. "याला ती शिकवतेय, माणसं असतात तिथे जेवण असतं."

याच सुमाराला भिंगवाले आले. इतिहासाचे अभ्यासक आहेत, गळ्यात सतत भिंग लटकवलेलं. पाटाची भिंत पुरात ढासळली होती, ती जशी होती तशी पुन्हा बांधायची म्हणून उद्यानाने त्यांना बोलावलं. आपली दगडी भिंत, पाणी वाटून घ्यायची फळी, बागेचे टप्पे, सगळ्याचं त्यांना इतकं कौतुक की मलाच लाजल्यासारखं व्हायचं. पण भिंतीखाली खणताना वेगळंच निघालं. काळी माती, तडकलेले दगड, राख. त्या राखेत जळलेल्या बिया. भिंगवाल्यांनी त्या प्रयोगशाळेत पाठवल्या, आणि उत्तर आलं तेव्हा ते अनवाणीच धावत माझ्याकडे आले, बूट गाळात रुतून बसले म्हणून. रानटी नासपतीच्या बिया होत्या. काही हजार वर्षांपूर्वीच्या. कुणीतरी माणसं दर शरदात या उतारावर येत असणार, फळं वाळवत असणार, आणि थंडीच्या आत परत जात असणार. घरं बांधल्याची खूण नाही. आणि त्याच राखेत अस्वलाची हाडं होती, त्यांच्यावर सुरीचे ओरखडे. म्हणजे फळांवरून माणसांचं आणि अस्वलांचं भांडण इथे तेव्हापासून चालू आहे.

मला आधी हसू आलं. मग मी पायरीवर बसून राहिले. बाबा नेहमी सांगायचे ना, आपले पणजोबा आले तेव्हा हा सगळा उतार रिकामा होता, इथे पाऊल ठेवणारे आपण पहिले. तूही ते छाती काढून सांगायचीस शाळेत. आणि इथे आपल्या भिंतीच्या खाली कुणाची तरी चूल होती. मी भिंगवाल्यांना विचारलं, ती माणसं गेली कुठे. ते म्हणाले, माहीत नाही, काही गेली असतील, काही तुमच्या-आमच्यात असतील. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगू, खांद्यावरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. आपली दरी उठवली गेली ते काही जगाच्या पाठीवर पहिल्यांदाच घडलं नव्हतं. कितीतरी लोक आले, राहिले, गेले. उतार आहे तिथे आहे.

मग गेल्या वर्षीच्या शरदात कार्यालयात बैठक झाली. अस्वलबाई म्हणाली, खालची बाग पायवाटेला लागून आहे, ती काढल्याशिवाय गत्यंतर नाही. विजेची तार लावून झाली होती. मादीने बाहेरून आत जाणारी मोरी शोधून काढली, पिल्लासकट. भिंगवाले म्हणाले, ही झाडं म्हणजे माणसांनी इथे काय केलं त्याचा शेवटचा जिवंत पुरावा आहे, उद्यान काय फक्त जनावरांसाठी आहे का. ती म्हणाली, माणसांकडे पुराव्यासाठी दुसऱ्या जागा आहेत, अस्वलांकडे नाहीत. दोघंही शहाणी, दोघंही तळमळीची, आणि दोघांचंही मला पटत होतं, म्हणजे बघ माझी काय पंचाईत. उद्यानाच्या साहेबांनी शेवटी माझ्याकडे बघितलं. नियमाने मला विचारायची काही गरज नव्हती. पण ते म्हणाले, "तुम्ही म्हणाल ते मी वर कळवेन." मी म्हटलं, जरा वेळ द्या.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी बागेत गेले. मादी आलेली होती. मोठ्या नासपतीखाली मागच्या पायांवर उभी राहून तिने फांदी ओढून घेतली होती, अगदी बाबा ओढायचे तशी, मोडू न देता. पिल्लू खाली पडलेली फळं खात होतं. बघायला किती सुंदर होतं म्हणून सांगू. आणि पायवाटेवर दोरीच्या पलीकडे माणसांची ही गर्दी. एका गृहस्थाने आपल्या लहान मुलीला खांद्यावर घेतलं आणि दोरी ओलांडून तो पुढे आला, अजून पुढे आला, अस्वलापासून आपल्या अंगणाइतक्या अंतरावर. मी हाक मारली तर मलाच गप्प बसायची खूण केली त्याने. मादीने मान वळवून बघितलंसुद्धा नाही. ती रागावली असती, गुरगुरली असती, तर मला बरं वाटलं असतं. तिला माणसाचं काहीच वाटेनासं झालं होतं. मला त्या नराचं तोंड आठवलं. मी तिथून थेट कार्यालयात गेले आणि साहेबांना म्हटलं, तोडा. पण हा हिवाळा मला द्या.

हिवाळा कलमांसाठी हवा होता. अस्वलबाईनेच आपल्या नासपतीची पानं कुठल्याशा प्रयोगशाळेत पाठवली होती, फळझाडांच्या जाती ओळखतात तिथे. त्यांच्याकडच्या एकाही जातीशी ती जुळली नाहीत. पणजोबांनी कुठून आणलं ते झाड, की रानटी झाडाशी त्याचं काही जमलं आणि आपोआप उगवलं, कोण जाणे. पण जगात तेवढं एकच होतं, आणि मी ते तोडायला सांगून बसले होते. मी शिडी लावून कलमासाठी डोळे असलेल्या काड्या काढल्या, ओल्या भुशात गुंडाळून तळघरात ठेवल्या, आणि वसंत लागताच उद्यानाबाहेरच्या सरकारी रोपवाटिकेत जाऊन रानटी खुंटांवर कलमं बांधली. बाबा म्हणायचे, काप घेताना श्वास धरायचा. आता श्वास धरला तरी काप वाकडा जातो. अस्वलबाई शेजारी बसून पट्टी गुंडाळत होती, मी काप घेत होते. बरीच कलमं मेली. मी तिला म्हटलं, माझा हातच गेला. ती म्हणाली, "मावशी, मी पहिल्या वर्षी सगळीकडे तारा बांधल्या आणि मला फक्त गाईचे केस मिळाले." काही कलमांना पालवी फुटली. आता ती माझ्या कमरेला लागतात. रोपवाटिकेला भक्कम कुंपण आहे, आणि तिथल्या माळीणबाई माझ्याहून कडक आहेत, त्यामुळे मला काळजी नाही.

झाड पाडलं त्या दिवशी भिंगवाले खुर्ची घेऊन आले आणि बागेकडे पाठ करून बसून राहिले. मी मात्र समोर उभी होते. कुणीतरी असायला हवं ना आपल्यातलं. खोड आतून अर्धं पोकळ होतं, एखाद्या वादळात गेलंच असतं. त्यांनी बुंध्याची एक चकती घासून गुळगुळीत केली, संग्रहालयासाठी. वर्षागणिक एक वर्तुळ. दुष्काळाची वर्षं इतकी अरुंद की भिंगाशिवाय दिसत नाहीत. एका जागी मात्र एकदम रुंद रुंद वर्तुळं. भिंगवाल्यांनी विचारलं, इथे काय झालं होतं, फार पाऊस? मी मोजून बघितलं. पाऊस नव्हता. ती आपली वर्षं होती. उद्यान झालं, दरीतली बाकी सगळी घरं उठली, पाटाचं पाणी वाटून घ्यायला कोणी उरलं नाही, सगळं आपल्याच बागेला आलं. आपल्याकडे रडारड चाललेली आणि झाड मजेत वाढत होतं. मला त्याचा राग नाही आला. झाडाने आणखी काय करायचं.

आता या शरदाचं सांगते, कारण मलाही तीच धास्ती होती. मादी आली. पिल्लू आता तिच्यापासून सुटं झालंय, एकटीच आली. बुंध्यांमधून फिरली, एकेक हुंगला, मोठ्या बुंध्यापाशी बराच वेळ बसून राहिली. मी वरच्या खिडकीतून बघत होते आणि मनातल्या मनात तिची माफी मागत होते. मग उठली, झाडीत शिरली, आणि दुसऱ्या दिवशी आली नाही. नंतर अस्वलबाई धापा टाकत घरात आली, हातात चाळणी. माझीच चाळणी. त्यात ओकच्या फळांची सालं. "वर गेली, मावशी," म्हणाली. "दोघंही वरच आहेत." मग आम्ही दोघींनी चहा केला, तिला बिनसाखरेचा. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून थोडा वेळ बसली. लहान आहे ग ती अजून.

बाग गेली पण घर राहणार आहे. भिंगवाल्यांचा तोच हट्ट होता आणि तो सगळ्यांनी मानला. दरीतली माणसं कशी राहायची ते दाखवायला घराचं संग्रहालय करायचंय. बाबांनंतर मला मिळालेली उद्यानाची नोकरी या हिवाळ्यात संपते, मग काम सुरू होईल. भिंगवाले रोज येऊन विचारतात, तवा कुठे टांगायचात, पाण्याचा हंडा कुठल्या अंगाला. परवा त्यांनी विचारलं, मुली कुठे झोपायच्या. मी खिडकीखालची जागा दाखवली. इथे दोरी बांधणार आहेत, लोकांनी आत येऊ नये म्हणून. जिवंतपणी संग्रहालयात जायचा मान आपल्या घराण्याला मिळतोय, बघ. मला साहेबांनी गेटजवळच्या कर्मचाऱ्यांच्या चाळीत एक खोली देऊ केली आहे, हवी तितकी वर्षं राहा म्हणाले. खोली चांगली आहे, उन्हाची आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही.

खिडकीखालच्या त्या जागेवर उभं राहिल्यावर मला तू गेलीस ती सकाळ आठवली. आई गेल्यावर माझ्या वेण्या तूच घालायचीस, आणि सतत तुझ्यामागे फिरते म्हणून मला शेपूट म्हणायचीस. त्या दिवशी जरा जास्तच घट्ट घातल्यास. बाबा उद्यानाच्या नोकरीचा नवा गणवेश घालून अंगणात उभे होते, छातीवर बिल्ला. तू त्यांना म्हणालीस, "आपल्याच झाडाखाली उभं राहायला बिल्ला लागतो का?" ते म्हणाले, "माणसं दुसरीकडे जाऊ शकतात. झाडं जाऊ शकत नाहीत. कुणीतरी थांबायला हवं." तू बरोबर होतीस असं मला कितीतरी वर्षं वाटायचं, मग ते बरोबर होते असं वाटायला लागलं, आणि आता वाटतं, दोघंही आपापल्या जागी बरोबरच होतात. त्यांनी तुझ्याबद्दल कधी वावगा शब्द काढला नाही, एवढं तुला माहीत असावं. तुझा फोन येऊन गेला की ते झाडांत जाऊन बसायचे आणि आले की जरा बरे दिसायचे.

भावजी गेले तेव्हा मी तुझ्याकडे आले होते. तू मागच्या खोलीत माझं अंथरूण घातलंस, कपाटातला एक कप्पा रिकामा केलास. चार दिवसांच्या पाहुणीसाठी कोणी कप्पा रिकामा करतं का? मला कळलं होतं, ताई. तू काही बोलली नाहीस, आणि मी फळं उतरवायची आहेत असं सांगून परत आले. आता उतरवायला फळं नाहीत. तुला आणि मला दोघींनाही सवय आहे एकटं राहायची, आणि आपण एका घरात नांदलो तर पहिल्याच आठवड्यात भांडू, हे मी धरून चाललेय. तरी विचारते. तू गेलीस त्या सकाळी मलाही तुझ्याबरोबर यायचं होतं. मला कोणी विचारलं नाही, आणि बाबांकडे बघून मीही काही म्हटलं नाही. त्यांच्यापाशी थांबले त्याचं मला दुःख नाही, चांगलं आयुष्य गेलं माझं इथे. पण आता इथे थांबायचं काही कारण उरलेलं नाही, आणि गेटजवळच्या त्या उन्हाच्या खोलीपेक्षा मला तुझी मागची अंधारी खोली हवी आहे. येऊ का? घाईने हो म्हणू नकोस, आणि फोनवर तर मुळीच सांगू नकोस. सावकाश विचार करून दोन ओळी लिही.

तुझंच,
शेपूट